न मोजलेल्या ओळी

सोमवार, ३ मार्च

ही वही ह्यांची. म्हणजे ह्यांची कोरी राहिलेली. चुंबकाच्या खोलीत रोज सकाळी थंड द्रवाची पातळी लिहायला ऑफिसातून वह्या मिळायच्या, त्यांतली ही शेवटची. पानावर चार रकाने छापलेले आहेत : तारीख, वेळ, पातळी, सही. दोन वर्षं कपाटात पडून होती. आज काढली, कारण संस्थेत जे दिसतंय ते कुठेतरी लिहून ठेवावं असं वाटायला लागलंय, आणि ज्याला सांगावं ते माणूस घरात नाही. रकाने मी पाळणार नाही. आडवं लिहीन.

एक नवीन संशोधक बाई आली आहे. तिशीच्या आतबाहेरची. पहिल्याच दिवशी तिने सगळ्यांना विचारलं की इथे प्रत्येक गोष्टीला इतका वेळ का लागतो. पहारेकऱ्याने संध्याकाळपर्यंत तिचं नाव ‘घाई’ ठेवलं, आणि ते बसलं.

माझं काम नळ्या धुण्याचं. हे गेल्यावर संस्थेने दिलं. पेन्सिलीहून बारीक, वीतभर लांब काचेच्या नळ्या असतात. त्यांत प्रथिनाचं पाणी भरून नळी चुंबकात सोडतात. यंत्राला सगळे एनएमआर म्हणतात. हे चुंबकच म्हणायचे, म्हणून मीही. नळी सात पाण्यांनी धुवायची आणि सुकवायची. भिंतीवरच्या तक्त्यात लिहिलंय की कागदावर आडव्या ठेवा, पण कागदाचा भुसा लागतो. मी कापडावर तोंड खाली करून उभ्या करते. कापडं माझ्या घरची. दर रविवारी धुऊन आणते. सोमवारी कशी खळखळीत असतात, मग नळ्यांचं पाणी गळून गळून गुरुवारपर्यंत मऊ पडतात.

आज घाई माझ्या खोलीत आली, रॅकवरच्या नळ्या मोजल्या आणि निघून गेली. अठ्ठेचाळीस आहेत. मला विचारलं असतं तरी सांगितलं असतं.

बुधवार, ५ मार्च

आज घाईने सगळ्यांना बसवून आपली पद्धत सांगितली. मी दाराशी ट्रे पुसत उभी होते. ऐकू येईल इतकं हळू पुसलं.

चुंबकातून प्रथिनाचं चित्र निघतं. कागदावर ठिपके ठिपके. प्रथिनाच्या एकेका जागेचा एकेक ठिपका. चित्र ओळीओळीने मोजतात, एकूण दोनशे छप्पन्न ओळी, आणि सगळ्या मोजायला अर्धा तास लागतो. इतकी वर्षं हे असंच चाललंय. घाईचं म्हणणं असं की प्रथिनात जे घडायचं ते तोवर घडून जातं. धावणाऱ्या माणसाचा फोटो काढताना बटण अर्धा तास दाबून ठेवलं तर काय दिसेल, असं तिने विचारलं. कुणीतरी म्हणालं, रस्ता दिसेल. हसले सगळे, तीसुद्धा.

मग ती म्हणाली की ती आठातली एकच ओळ मोजते. त्याही क्रमाने नाही, कुठली कुठली, विस्कटून. असं न थांबता मोजत राहते. नंतर हव्या त्या चार मिनिटांचा तुकडा कापून घेते, आणि राहिलेल्या ओळी संगणक भरतो.

भरतो. हाच शब्द तिने वापरला.

ह्यांची एक सवय होती. सुट्टीहून आले की मधल्या दिवसांचे रकाने कोरे सोडायचे. एकदा साहेब म्हणाले, कालची नव्वद, आजची सत्याऐंशी, मग मधली भरून टाका की अंदाजाने. हे म्हणाले, वाचली नाही ती लिहिणार नाही. आणि ही आठांतल्या सात ओळी भरते, आणि लोक मान डोलावतात.

रविवार, ९ मार्च

नणंद आली होती. दर रविवारी येते. मी एकटी जेवत नाही असं तिला वाटतं, आणि मी एकटीच जेवते हे तिला माहीत आहे. येताना धुण्याच्या पावडरीचं मोठं खोकं घेऊन आली. म्हणाली, ‘‘त्या साबणाच्या वडीने कपडे घासत बसतेस, मनगटं जातील एक दिवस. दादा असता तर त्याने आणून दिली नसती का?’’ ह्यांनी कधीच आणून दिली नसती. ह्यांना वडीचा वास आवडायचा.

कापडं नव्या पावडरीत भिजवली. ह्यांचे निळे सदरे बारा होते, संस्थेचे. अकरा मी नळ्यांसाठी कापले. कपाटात ठेवून वाळवी लागण्यापेक्षा ह्यांच्या चुंबकापाशी तरी असावेत. बारावा आहे तसा आहे. हे तिकडे कुणाला माहीत नाही, आणि नणंदेला तर नाहीच. तिला वाटतं मी पोतेरी धुते.

मला हाताला येईल ते वाचायची सवय. शाळा सातवीत सुटली, तेव्हापासून ही लागली. खोक्यावर लिहिलंय : पाण्यातले क्षार आणि धातू धरून ठेवते, म्हणून कपडा उजळतो. कापडं खरंच उजळली. वास मात्र परका आहे.

ह्यांच्या कपाटातलं चुंबकाचं जाड पुस्तक शब्दकोश घेऊन वाचते आहे. पान एकशे बारा. दिवसाला एक पान होतं, कधी अर्धं.

सोमवार, १० मार्च

घाईचा पहिला खरा प्रयोग. एक प्रथिन असतं आणि दुसरं त्याला कापतं, कात्रीसारखं. किती वेळात निम्मं कापलं जातं ते बघायचं. तिच्या आधीच्या गावी म्हणे बारा मिनिटं लागत. इथे एकतीस लागली. प्रमुख स्वतः बघायला आले होते. त्यांनी आकडा बघितला. चष्मा पुसला. तो ते नापसंतीच्या वेळी पुसतात.

मला आश्चर्य वाटलं नाही.

गुरुवार, १३ मार्च

आज तोच प्रयोग पुन्हा. बारा मिनिटं आली. घाई खुश. दुपारी पहारेकरी म्हणाला, सोमवारी नाक कापलं गेलं म्हणून आज आकडा बसवला असेल. तो गमतीने म्हणाला. मी ते गमतीत घेतलं नाही. एकच चुंबक, एकच प्रथिन, एकच माणूस, आणि तीन दिवसांत उत्तर बदलतं. मोजलेलंच नसेल तर हवं ते भरता येतं.

घाई चहा घेऊन माझ्या खोलीत आली. मी विणत होते. माझ्या हातातल्या विणीकडे बघून म्हणाली, ‘‘मावशी, चार टाके बघितले की पुढची वीण कळते ना तुम्हाला?’’

‘‘वीण कळते, मॅडम. चुकलेला टाका कळत नाही.’’

वाटलं होतं गप्प होईल. ती उलट स्टूल ओढून बसली. म्हणाली की म्हणूनच ती टाके क्रमाने घेत नाही. दर आठवा टाका बघितला तर चूक नेमकी सातव्यात लपते आणि खोटी वीण खरी दिसते. विस्कटून बघितलं तर चुकीला लपायला ठरलेली जागा उरत नाही. संगणक मनचं काही भरत नाही, मोजलेल्या ओळींना पटेल असं साध्यात साधं चित्र शोधतो.

बोलते चांगलं. फार चांगलं बोलणाऱ्यांची मला भीती वाटते. जाताना सहज सांगावं तसं म्हणाली की तिची कात्री नाजूक आहे, तिला चालायला कणभर जस्त लागतं, नाहीतर बोथट होते. मला कशाला सांगितलं कोण जाणे.

सोमवार, १७ मार्च

आज एकोणतीस मिनिटं. पुन्हा उशीर.

काल नणंदेने माझ्या हातातून बादली ओढून घेऊन सगळी कापडं स्वतः धुतली आणि दुप्पट पावडर घातली. आज कापडं इतकी ताठ की उभी राहतील. पण ते जाऊ दे. लिहायचं ते हे की दुपारी घाई आली आणि तिने माझी उलटतपासणी घेतली. पाणी कुठलं घेता, किती वेळा घेता, ब्रश कधी बदलला, या खोलीत आणखी कोण येतं. हसत हसत विचारत होती. मी म्हटलं, ‘‘माझ्या नळ्यांना काही होत नाही, मॅडम. ही नळ्यांची खोली आहे, पोलीस चौकी नाही.’’

तिचे कान लाल झाले. बरं म्हणाली आणि गेली. मला कळतं काय चाललंय ते. स्वतःचं गणित बसत नाही म्हणून खापर फोडायला डोकं शोधते आहे. धुणारी बाई सगळ्यात सोपी.

गुरुवार, २० मार्च

आज डोळ्यांनी पाहिलं ते लिहिते.

नेहमीपेक्षा तासभर आधी गेले. झोप लागत नाही तर घरी बसून काय करायचं. माझ्या खोलीत दिवा होता. दाराच्या काचेतून घाई दिसली. बाह्या वर करून मी काल धुतलेल्या, स्वच्छ नळ्या ती पुन्हा धूत होती. एकेक करून. आणि कागदावर आडव्या मांडत होती. मी बाजूला झाले. ती ट्रे घेऊन गेली, आणि माझी यायची वेळ होईपर्यंत जिन्यात बसून राहिले, आपल्याच खोलीबाहेर, चोरासारखी.

आत जाऊन कापडं मोजली. एक कमी. खिशाचं. ह्यांचं पेन त्या खिशात गळलं होतं, त्याचा डाग असलेलं. ते मी सगळ्यांच्या खाली ठेवते, वापरत नाही फारसं. कचऱ्याचा डबा उपसला. नाही.

तिच्या टेबलाच्या डाव्या खणाला कुलूप आहे. आधी नव्हतं.

आज उत्तर तेरा मिनिटं.

सोमवार, २४ मार्च

बारा मिनिटं. सोमवारी. आतापर्यंत प्रत्येक सोमवारी उशीर होत होता, आता ती गुपचूप नळ्या धुते आहे तर नेमका होत नाही. पहाटे कुणी नसताना नळीत काय घालत असेल, कुणी पाहिलंय? पहारेकऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, रोज साडेसहाला येते आणि त्याला म्हणते, मावशींना बोलू नका.

मावशींना बोलू नका.

ह्यांच्या खोलीत जाऊन जरा उभी राहिले. चुंबकाचा थंडावा राखणारा पंप चिकचिक करतो. पूर्वी हे तिथून घरी फोन करायचे तेव्हा मागे तोच आवाज यायचा, आणि हे बोलायच्या आधी मला कळायचं की ह्यांचाच फोन. बँकेचं कार्ड खिशात विसरून दोनदा चुंबकाने पुसलं होतं. दुसऱ्यांदा मला सांगायला घाबरले होते. मी आठवडाभर बोलले नव्हते, कार्डावरून. आता वाटतं, आठवडा किती मोठा असतो.

मंगळवार, २५ मार्च

प्रमुखांच्या दाराबाहेरच्या पेटीत चिठ्ठी टाकली. पाच ओळी. ती आठांतली एक ओळ मोजते, उत्तरं बदलतात, पहाटे लपून नळ्या धुते, खणाला कुलूप लावते, चौकशी व्हावी. सगळं खरं लिहिलं. डाव्या हाताने लिहिलं.

खाली सही केली नाही.

शुक्रवार, २८ मार्च

प्रमुखांनी बोलावलं. चिठ्ठी टेबलावर होती, पेपरवेटखाली. त्यांनी ती कुणाची ते विचारलं नाही. एवढंच म्हणाले की नळ्यांची खोली माझी आहे, तेव्हा मी काय काय पाहिलं ते तारीखवार लिहून द्यावं. बुधवारी बैठक आहे. घाईला समाधानकारक उत्तर देता आलं नाही तर तिला परत पाठवतील आणि ही पद्धतही बंद. कालच त्यांनी तिला चिठ्ठी दाखवून विचारलं होतं. ती म्हणाली, हो, नळ्या मी धुते, कारण आज सांगणार नाही. प्रमुखांना ते फार लागलेलं दिसलं.

मग चष्मा पुसत म्हणाले, ‘‘बाई, धुण्याचं काम बाहेर कंत्राटावर द्यायचं असं वरून सारखं येतंय. पण विश्वासाचं माणूस असलं की मला थांबवता येतं.’’

मी मान हलवली. जिन्यात आल्यावर कळलं की कशाला मान हलवली ते मला ठाऊक नाही.

खाली घाई भेटली. डोळे सुजलेले. मला म्हणाली, ‘‘मावशी, जेवलात?’’ नाटकी असेल तर फार तयारीची आहे.

रविवार, ३० मार्च

प्रमुखांसाठी यादी करायला बसले. नणंद आत धुण्याला लागली होती. तिला थांबवायचं जिवावर आलं.

आडव्यातिडव्या नोंदींतून तारखा नीट दिसेनात, म्हणून पहिल्यांदाच या वहीचे छापील रकाने वापरले. तारीख लिहिली. वेळेच्या रकान्यात घाईची मिनिटं. दहा, एकतीस. तेरा, बारा. सतरा, एकोणतीस. वीस, तेरा. चोवीस, बारा. मागच्या नोंदी वाचून प्रत्येक तारखेसमोर तिने काय काय केलं ते लिहू लागले. वाचताना दिसलं की तिच्यापेक्षा मीच जास्त लिहिली गेले आहे. नवाला पावडर आली. दहाला उशीर. सोळाला नणंदेने दुप्पट घातली. सतराला उशीर. गुरुवारी पाणी गळून कापडं मऊ. गुरुवारी बारा.

चोवीस बसत नव्हती. तेवीसलाही कापडं त्याच पावडरीत धुतली होती, मग चोवीसला उशीर व्हायला हवा होता. हायसं वाटलं. मग वीसची नोंद पुन्हा वाचली. ती पहाटे नळ्या पुन्हा धूत होती. कागदावर आडव्या ठेवत होती.

मोरीत जाऊन खोकं आणलं. धातू धरून ठेवते. तेराची नोंद काढली. कात्रीला कणभर जस्त लागतं.

आठवड्यातले दोनतीन दिवस लिहिले, तेही धड नाही, रागारागात. मधले सगळे कोरे. आणि चित्र पूर्ण आहे. मला हवं होतं ते नाही, दुसरंच.

नणंद आतून विचारत होती की एवढी पोतेरी कशाला लागतात तिकडे. मी म्हटलं, ती पोतेरी नाहीत, दादाचे सदरे आहेत. नळ बंद झाला. बऱ्याच वेळाने ती बाहेर आली, हात ओले तसेच. म्हणाली, ‘‘मग साध्या साबणाने धुवायचे ना, वेडे.’’ आणि माझ्या शेजारी बसली.

सोमवार, ३१ मार्च

खात्री करायची तर मोजायला हवं. वाचली नाही ती लिहिणार नाही. पहाटे तिच्याही आधी गेले. दोन नळ्या सात सात पाण्यांनी धुतल्या. एक कागदावर आडवी सुकवली, एक कालच्या कापडावर तोंड खाली करून. कुठली कुठे ते चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी पदराच्या गाठीत बांधली. नळ्यांवर फक्त एक आणि दोन लिहिलं.

घाई आली तेव्हा मी तिच्या खोलीत बसले होते. नळ्या पुढे केल्या. म्हटलं, ‘‘या दोन्ही मोजा. मी काही सांगणार नाही.’’

ती माझ्याकडे बघत राहिली. मग कामाला लागली. पहिली नळी चुंबकात उतरली. मी पडद्यासमोर पहिल्यांदाच बसले. ठिपके होते. काही फिके होत होते आणि शेजारी नवे उगवत होते, एखाद्या इमारतीत एका घरातला दिवा जाऊन दुसऱ्या घरात लागावा तसे. हे वर्षानुवर्षं याच खोलीत होते. त्यांना हे असं हलताना कधी दिसलं नसणार. त्यांच्या वेळी अर्धा तास बटण दाबूनच ठेवायचे.

पहिलीला बारा मिनिटं. दुसरीला अठ्ठावीस.

‘‘दुसरी कापडावरची,’’ ती म्हणाली.

मी गाठ सोडून चिठ्ठी दिली. तिने वाचली नाही. डाव्या खणाचं कुलूप काढलं आणि एक पाकीट माझ्या हातात दिलं. आत खिशाचं कापड होतं. इस्त्री केलेलं. पाकिटावर लिहिलं होतं, ‘मावशींना परत द्यायचे.’

तिने सांगितलं ते असं. नळ्यांवर तिला सतरालाच संशय आला. कापड पाण्यात पिळून ते पाणी तपासायला म्हणून एक उचललं, वरचं सोडून खालचं, म्हणजे मला कळणार नाही. पाण्यात धुण्याची पावडर निघाली, आणि कापड टेबलावर पसरलं तर खिसा. ‘‘प्रयोगशाळेच्या कापडाला खिसा नसतो, मावशी. मग पहारेकऱ्याला विचारलं, इथे निळे सदरे कोण घालायचं.’’

मी विचारलं की मग प्रमुखांना का सांगितलं नाही.

‘‘तुमचं नाव घेतलं असतं तर दुसऱ्या दिवशी कंत्राट आलं असतं. आधी राग आला होता, खोटं कशाला बोलू. तीन आठवडे गेले माझे. मग म्हटलं, नळ्या मीच धुते, तोवर काहीतरी सुचेल.’’ थोडं थांबून म्हणाली, ‘‘आणि एक गंमत वाटली. जुन्या पद्धतीने हे जन्मात दिसलं नसतं. त्या घाणेरड्या पावडरीनेच माझी पद्धत खरी ठरवली, आणि मलाच ते कुणाला सांगता येईना.’’

‘‘अगं, मग मला विचारायचंस.’’

‘‘विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, पोलीस चौकी नाही.’’

मला हसू आलं आणि त्याच्या मागोमाग दुसरं काहीतरी आलं. तिने तोंड पडद्याकडे वळवलं आणि मला हवा तितका वेळ ठिपके बघत बसली.

चिठ्ठीचं मी तिला सांगितलं नाही. तोंड उघडलं होतं. झालं नाही.

बुधवार, २ एप्रिल

बैठक दहाला होती. मी साडेनऊला प्रमुखांकडे गेले. यादी दिली, रकान्यांत मांडलेली, पावडरीच्या तारखांसकट. खोकंही नेलं होतं, ते टेबलावर ठेवलं. त्यांनी दोनदा वाचलं. मग मी पेपरवेटखालची चिठ्ठी मागितली. त्यांनी दिली. त्यांचंच पेन घेतलं आणि तिच्याखाली सही केली, उजव्या हाताने.

‘‘हे तुम्ही करायची गरज नव्हती, बाई,’’ ते म्हणाले. ‘‘कुणाला कळलं नसतं.’’

‘‘मला कळलं होतं ना.’’

त्यांनी चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरून बसले. कंत्राटाचा कागद शेजारीच होता. तक्ता भिंतीवर असताना मी पाळला नाही, हे त्यांना वर लिहावं लागेल, असं म्हणाले. मी म्हटलं, लिहा. पुढे काय होणार ते मला माहीत नाही आणि त्यांनाही माहीत नसावं.

बैठकीत त्यांनी यादी वाचून दाखवली. चिठ्ठीचं मी स्वतः उठून सांगितलं. घाई मान वर करून माझ्याकडे बघत होती. मला वाटतं, चिठ्ठीतल्या दोन ओळींवरून तिला केव्हाच कळलं असेल. आठातली एक पुरते तिला. पद्धत राहणार आहे. तीही राहणार आहे. बाहेर पडताना तिने माझ्या हातातला ट्रे घेतला आणि माझ्या खोलीपर्यंत आणून ठेवला. अर्ध्या वाटेवर म्हणाली, ‘‘डावा हात अजिबात वापरू नका. अक्षर फार वाईट आहे.’’

कापडं सगळी घरी आणली. संध्याकाळी नणंद वाट वाकडी करून आली, साबणाची वडी घेऊन. दोघींनी मिळून धुतली. आता ती कपाटात राहतील, बाराव्याशेजारी. नळ्या उद्यापासून कागदावर, आडव्या. जितके दिवस असतील तितके.

जेवण झाल्यावर ही वही पहिल्या पानापासून वाचली. तिच्याविषयी जे जे लिहिलं ते खोडायला हात गेला होता. खोडलं नाही. ते मी पाहिलं होतं, वाचलं मात्र चुकीचं. ३ मार्चपासूनच्या प्रत्येक नोंदीसमोर सहीच्या रकान्यात सही केली. पातळीचा रकाना कोरा ठेवला. ती मी मोजलेली नाही.